बाटली आडवी झाली, माणूस उभा कसा राहील?

(बीड जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महाराष्ट्रातील परिवर्तनवादी चळवळीला दारूचा प्रश्न नवा नाही. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना १८८० साली जोतीराव फुले यांनी शहरातील वाढत्या दारूदुकानांना लेखी हरकत घेतली होती. गाडगेबाबांनी आपल्या कीर्तनांतून दारूवर कोरडे ओढले. संविधानाच्या ४७व्या कलमाने मादक पेयांच्या बंदीचा प्रयत्न हे राज्याच्या धोरणाचे एक मार्गदर्शक तत्त्व ठरविले. १९४९ साली मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि पुढे परवान्यांच्या वाटेने तो पोकळ होत गेला. गडचिरोली जिल्ह्यात लोकांच्या आंदोलनामुळे १९९३ साली दारूबंदी आली. चंद्रपूरमध्ये ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठविण्यात आली. गावातील महिलांनी मतदान करून दुकान बंद पाडावे, अशी तरतूदही या राज्यात आहे. ‘उभी बाटली’ आणि ‘आडवी बाटली’ ही मतपत्रिकेवरील चिन्हे खेड्यातील स्त्रियांना आता राजकीय पक्षांच्या चिन्हांइतकीच ओळखीची झाली आहेत.

या साऱ्या इतिहासाचा अभिमान बाळगावा असाच तो आहे. मात्र त्यात एक उणीव आहे. हा सगळा इतिहास दुकानाचा आहे. पिणाऱ्या माणसाचा नाही. मतदान होते, बाटली आडवी होते, गुलाल उधळला जातो, वर्तमानपत्रात छायाचित्र येते. त्याच दिवशी संध्याकाळी, पंधरा वर्षे रोज पिणारा त्या गावातील माणूस दिवेलागणीला काय करतो? त्याचे हात थरथरत असतात. तो शेजारच्या गावाची वाट धरतो, किंवा कुणाच्या तरी मोटारसायकलच्या डिकीतून येणाऱ्या बाटलीला दुप्पट दाम मोजतो. दुकान गेले म्हणून त्याच्या देहाची आणि मनाची मागणी गेलेली नसते. या माणसाला चळवळ काय देते? बहुधा उपदेश, आणि तोही ऐकेनासा झाला म्हणजे तिरस्कार. आजच्या व्याख्यानाचा विषय हा माणूस आहे. त्याच्यासाठी जगभर रुजलेली एक साधी व्यवस्था, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांची आठवड्याची बैठक, बीडसारख्या जिल्ह्यात कशी शोधावी, तिथे कसे जावे आणि ती नसेल तर कशी उभी करावी, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रश्नाचा आवाका

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेकडून करवून घेतलेले देशव्यापी सर्वेक्षण २०१९ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक मद्यपान करतात. त्यांपैकी ५ कोटी ७० लाखांना मद्यपानामुळे मदतीची गरज आहे, आणि यांतील जवळजवळ २ कोटी ९० लाख लोक दारूवर पूर्णतः अवलंबून आहेत, म्हणजे ज्याला व्यवहारात व्यसनी म्हणतात तसे आहेत. याच अहवालातील आणखी एक आकडा प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावा असा आहे. दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ माणसांपैकी केवळ एकाला कोणत्या तरी प्रकारचे साहाय्य मिळालेले होते. रुग्णालयात राहून उपचार मिळालेला माणूस तर दर १८० मध्ये एक.

उरलेल्या सदतीस जणांचे काय होते, हे सांगण्यासाठी सर्वेक्षणाची आवश्यकता नाही. त्यांची घरे प्रत्येक गावाला माहीत असतात.

या आकड्यांशेजारी दुसरा एक आकडा ठेवून पाहावा. जून २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मद्यावरील करांत वाढ केली, तेव्हा वर्षाला १४ हजार कोटी रुपयांचा वाढीव महसूल अपेक्षित असल्याचे सांगण्यात आले. ही केवळ वाढ आहे, एकूण महसूल नव्हे. दारू पिणाऱ्याच्या खिशातून एवढी रक्कम उभी करण्याची यंत्रणा ज्या शासनाजवळ आहे, त्याच शासनाच्या राज्यात दारू सोडू पाहणाऱ्याला तालुक्याच्या गावी बसायला एक खोली सापडणे दुरापास्त असावे, ही विसंगती अर्थशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात बसणारी नाही.

बीडचे अर्थकारण

बीड जिल्ह्याची एक विशेष परिस्थिती आहे. बालाघाटच्या डोंगररांगांतील धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, केज, आष्टी या तालुक्यांतून दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, आणि उन्हाळ्याच्या तोंडी परत येतात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. हंगामापूर्वी मुकादम कोयत्यामागे उचल देतो. काम दोघांचे असते, पण उचल बहुधा पुरुषाच्या हाती पडते. फडावर गेल्यावर आठवड्याच्या बाजाराला खर्ची मिळते, तीही पुरुषाच्याच हाती. पहाटेपासून तोडणी, रात्री-अपरात्री गाडी भरणे, उघड्यावरच्या कोपीत झोप, थंडी, अंगदुखी. या जिण्यात दारू हे वेदनाशामक म्हणून शिरते आणि मालक होऊन बसते. उचलीतला किती भाग बाटलीत गेला, याचा हिशेब हंगाम संपताना लागतो. उचल फिटलेली नसते. बाकी पुढच्या हंगामावर चढते आणि तोच मुकादम, तोच फड पुन्हा नशिबी येतो.

या चक्रातील क्रूर उपरोध असा की, महाराष्ट्रातील देशी दारूचा मद्यार्क प्रामुख्याने मळीपासून तयार होत आला आहे, आणि मळी हे साखर कारखान्याचे उपउत्पादन आहे. मजूर ऊस तोडतो, उसाची साखर होते, साखरेमागे मळी उरते, मळीचा मद्यार्क होतो आणि तोच मद्यार्क बाटलीत भरून, शासनाचा कर लावून, मजुराला परत विकला जातो. त्याच्या श्रमाचे मूल्य जसे एका टोकाने जाते, तसेच त्याची मजुरी दुसऱ्या टोकाने जाते.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की, व्यसन हे शोषणाचे अपत्य आहे. शोषण संपले की व्यसन आपोआप संपेल. तोवर बैठका घेणे म्हणजे मलमपट्टी. हा युक्तिवाद चळवळीत अनेकदा ऐकू येतो आणि तो अर्धसत्य आहे. दारू फडावर पितात तशी बंगल्यातही पितात. शिक्षक पितात, वकील पितात, कारखान्याचे संचालकही पितात. एकदा अवलंबित्व आले की मूळ कारण दूर होऊनही आजार उरतो. मजुरीचा दर वाढला पाहिजे, यात शंका नाही; मात्र व्यसनी माणसाच्या हाती वाढीव मजुरी पडली तर ती कोठे जाईल, याचे उत्तर त्याची बायको देईल. दुसरीकडे, व्यसन म्हणजे चारित्र्याचा दोष, असे मानणारे नीतिवादीही चुकतात. मदिरावलंबित्व हा आजार आहे, हे वैद्यकशास्त्राने फार पूर्वीच मान्य केले आहे. शोषणाविरुद्धचा लढा आणि आजारावरचा इलाज ही दोन कामे आहेत. एकाचे निमित्त करून दुसरे टाळता येणार नाही.

बैठक म्हणजे काय?

१९३५ साली अमेरिकेतील ओहायो राज्यात अ‍ॅक्रन या गावी बिल विल्सन नावाचा एक शेअर दलाल कामानिमित्त आला होता. त्याची दारू काही महिन्यांपूर्वीच सुटली होती. व्यवहार फसला, मन खचले आणि पिण्याची इच्छा अनावर झाली. त्या वेळी त्याने डॉक्टर शोधला नाही. आपल्यासारखाच दारूने बेजार झालेला दुसरा माणूस गाठून द्यावा, अशी त्याने खटपट केली. त्याला भेटले डॉ. रॉबर्ट स्मिथ, स्वतः शल्यचिकित्सक आणि स्वतः व्यसनी. त्या संभाषणातून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ म्हणजे ‘ए. ए.’ ही संघटना जन्मली. विल्सनला त्या दिवशी जे उमगले, ते असे: दारू सोडलेला माणूस दुसऱ्याला मदत करतो, तेव्हा तो स्वतःही वाचतो. भारतात ही संघटना १९५७ साली पोहोचली. तिचे राष्ट्रीय सेवा कार्यालय मुंबईत आहे.

बैठकीची रीत अगदी साधी असते. दहा-पंधरा माणसे एका खोलीत गोलाकार बसतात. कोणी अध्यक्षीय भाषण करीत नाही. एकेक जण स्वतःचे पहिले नाव सांगतो, आपण व्यसनी आहोत हे सांगतो आणि गेल्या आठवड्यात काय घडले ते बोलतो. दुसरा त्याला मध्ये तोडत नाही, सल्ला देत नाही, शहाणपण शिकवीत नाही. ज्याला बोलायचे नाही त्याने नुसते ऐकावे. शुल्क नाही, चहाच्या खर्चासाठी ऐच्छिक वर्गणी, तीही सभासदांचीच. बाहेरची देणगी घ्यायची नाही, असा या संघटनेचा नियमच आहे. सभासदत्वाची अट एकच, दारू सोडण्याची इच्छा. निर्धार जन्मभराचा करायचा नाही, आजच्या दिवसापुरता करायचा. उद्याचा उद्या पाहू.

महाराष्ट्रात याच विचाराला स्वतःचे रूप दिले ते पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने. युक्रांदच्या पिढीतील लेखक-कार्यकर्ते अनिल अवचट आणि मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने, २९ ऑगस्ट १९८६ रोजी ते सुरू केले. उपचार घेऊन बरे झालेलेच पुढे तेथे समुपदेशक म्हणून उभे राहिले. केंद्रातून घरी गेलेल्यांसाठी गावोगावी पाठपुराव्याच्या बैठका आणि व्यसनी माणसांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट, ही या केंद्राची महत्त्वाची देणगी आहे. केंद्रातील पस्तीस दिवस हे कामाची सुरुवात असते. खरे काम घरी परतल्यावर सुरू होते, हे मुक्तांगणने मराठी समाजाला शिकविले.

याचा उपयोग खरोखर होतो काय? २०२० साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रन संस्थेच्या आढाव्यात २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक रुग्ण विचारात घेतले गेले. रुग्णाला अशा बैठकांशी पद्धतशीरपणे जोडून दिले असता वर्षभर दारूपासून पूर्ण दूर राहिलेल्यांचे प्रमाण शेकडा सुमारे बेचाळीस होते. अन्य मान्यवर उपचारपद्धतींनी ते पस्तीस होते. हे अभ्यास मुख्यतः पाश्चात्त्य देशांतील आहेत, हे ध्यानात ठेवावे. शिवाय शंभरांतील अठ्ठावन्न जणांना वर्षभर सलग जमले नाही, हेही विसरू नये. बैठक ही जादू नाही. गोव्यातील ‘संगत’ संस्थेचा २०१७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आणखी एक गोष्ट सांगतो. प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, हानिकारक मद्यपान करणाऱ्या पण पूर्ण अवलंबित्वाप्रत न गेलेल्या पुरुषांशी प्रशिक्षित सामान्य माणसांनी जास्तीत जास्त चार वेळा नीट बोलणे केले. तीन महिन्यांनी त्यांतील सुमारे ३६ टक्के धोक्याबाहेर आले होते, तर नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत २६ टक्के. डॉक्टरी पदवी नसलेला, पण ऐकण्याचे शिक्षण घेतलेला माणूस हे काम करू शकतो, असा याचा अर्थ होतो.

माळ आणि बैठक

बीडच्या मातीत बैठकीला एक पूर्वज आहे. भगवानगड आणि नारायणगड यांच्या प्रभावाखालील या मुलखात तुळशीची माळ घालून दारू सोडणारी माणसे पिढ्यान् पिढ्या होत आली आहेत. बुद्धिवादी कार्यकर्त्याने या परंपरेची टवाळी करू नये. माळेने जितक्या लोकांची दारू सुटली तितक्यांची कोणत्याही पक्षाच्या ठरावाने सुटलेली नाही. माळ हे चारचौघांसमोर घेतलेले व्रत असते. त्यामागे सप्ताह असतो, दिंडी असते, टाळकऱ्यांची संगत असते. बैठकीचा प्राण असलेली संगत ती हीच.

फरक पडतो तो व्रत मोडते तेव्हा. माळ घालून प्यायलेला माणूस देवाचा, गावाचा आणि घराचा अपराधी ठरतो. तो माळ काढून खुंटीला टांगतो, कीर्तनाकडे पाठ फिरवतो आणि लाजेपोटी आणखी पितो. बैठकीत घसरलेल्या माणसाची खुर्ची कायम असते. किंबहुना त्याचे परत येणे हाच त्या दिवशीच्या बैठकीचा सर्वांत मोलाचा भाग असतो, कारण घसरण कशी होते हे त्याच्याइतके ताजे कोणालाच ठाऊक नसते. या आजारात घसरणे ही अपवादाची बाब नाही. ज्या व्यवस्थेत घसरलेल्याला परतीची वाट नाही, ती व्यवस्था फक्त भाग्यवंतांच्या उपयोगाची.

ईश्वराचा प्रश्नही येथेच निकालात काढावा. ए. ए.च्या बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख आहे, त्यामुळे विवेकवादी मंडळी बिचकतात. परंतु ईश्वर म्हणजे ज्याला जसा समजला तसा, अशी मोकळीक तेथे प्रारंभापासून आहे. आणि ज्याला तो समजलाच नाही, त्याने समोर बसलेल्या दहा माणसांच्या समूहालाच आपल्यापेक्षा मोठी शक्ती मानले तरी चालते. समाजवाद्याला तरी समूहाची शक्ती मानण्यात अडचण पडू नये.

आडनावाविना

निनावीपणाचा मुद्दा बीडच्या संदर्भात वेगळ्या रीतीने समजून घेतला पाहिजे. अमेरिकेतील शहरात नाव गुप्त ठेवले ते नोकरी जाऊ नये आणि अब्रू राहावी म्हणून. येथे खेड्यात कोण किती पितो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. लपविण्यासारखे काही उरलेले नसते. पिण्याची लाज संपलेली असते. लाज वाटते ती दारू सोडायला निघाल्याची. “हा काय सोडतो!” ही पारावरची टिंगल अनेकांना परत दुकानाकडे नेते. म्हणून गोपनीयता हवी ती सोडण्याची.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. बैठकीत आडनाव उच्चारले जात नाही. महाराष्ट्रात आडनाव गेले म्हणजे निम्मी जात गेली. ऑक्टोबर २०२३ मध्ये आरक्षण आंदोलनाच्या काळात बीड शहरात जाळपोळ झाली आणि त्यानंतरच्या काळात जिल्ह्यातील जातीजातींमधील संशय किती खोल गेला, हे सर्वांनी पाहिले. अशा जिल्ह्यात निरनिराळ्या जातींची दहा माणसे आठवड्यातून एकदा केवळ पहिल्या नावाने एकत्र बसतात, एकमेकांच्या हातचा चहा पितात आणि स्वतःची फजिती एकमेकांना सांगतात, ही गोष्ट लहान नाही. जातिनिर्मूलनाची शिबिरे जे क्वचितच साधतात, ते येथे कोणी न ठरविता घडते.

कसे शोधावे, कसे जावे

आता व्यवहाराकडे वळू. सर्वांत आधी वैद्यकीय खबरदारी. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली तर पहिल्या तीन-चार दिवसांत थरथर, घाम, झटके, भास, प्रसंगी मृत्यूही ओढवू शकतो. अशा माणसाला उत्साहाच्या भरात खोलीत कोंडून ठेवणे हा गुन्हा ठरेल. त्याला आधी जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्यावे. तसेच ‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिरातींपासून घरच्या बायकांना सावध करावे. दारूशी विपरीत क्रिया करणारी औषधे माणसाला नकळत जेवणातून दिली आणि वर तो प्यायला, तर जिवावर बेतते. शिवाय, ज्याची संमती नाही त्याची दारू सुटत नाही, सुटली तरी टिकत नाही.

नंतर बैठक शोधावी. १४४४६ ही केंद्र शासनाची निःशुल्क व्यसनमुक्ती दूरध्वनी सेवा आहे. मानसिक आरोग्यासाठीची १४४१६ ही ‘टेलिमानस’ सेवा मराठीतूनही बोलते. ए. ए.च्या मुंबई कार्यालयाकडे आणि मुक्तांगणकडे जवळच्या बैठकीची चौकशी करता येते. रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञाला विचारावे. या साऱ्या वाटा कार्यकर्त्याने स्वतः आधी तपासून, वार, वेळ आणि ठिकाण एका कागदावर लिहून खिशात ठेवावे. व्यसनी माणसाचा “सोडतो” म्हणण्याचा क्षण फार थोडा वेळ टिकतो. त्या क्षणी ‘चौकशी करून सांगतो’ असे उत्तर मिळाले तर तो क्षण हातचा जातो.

पहिल्या दिवशी त्याच्याबरोबर कोणी तरी जावे, आणि ते उंबऱ्यापर्यंतच. काही बैठका सर्वांना खुल्या असतात, काही केवळ व्यसनींसाठी. बंद बैठकीत कार्यकर्त्याने बसू नये. नवख्याने पहिल्या दिवशी बोललेच पाहिजे असे नाही. एका बैठकीत मन रमले नाही म्हणून सोडू नये. दोन-चार वेळा जावे, शक्य तर दुसऱ्या गटातही जावे. तेथील एखाद्या जुन्या सभासदाचा दूरध्वनी क्रमांक घ्यावा. पिण्याची ऊर्मी येते तेव्हा तो क्रमांक कामाला येतो. घरच्या माणसांनी स्वतंत्र गटात बसावे; ‘सहचरी’सारखा गट नसेल तर चार बायकांनी मिळून तो करावा. नवऱ्याची दारू सुटो न सुटो, त्या बाईला बोलायला जागा हवीच. स्त्रियाही पितात, त्यांची संख्या कमी आहे आणि बदनामी अधिक. त्यांची बैठक वेगळी असावी.

हंगामाबरोबर चालणारी बैठक

बीडमधील खरी अडचण पुढे आहे. सारे शास्त्र सांगते की, पहिले वर्ष दर आठवड्याला बैठक चुकवू नये. आणि ऊसतोड मजूर तर वर्षातले पाच-सहा महिने जिल्ह्यातच नसतो. गावात दारू सुटलेला माणूस फडावर जातो, जुनी टोळी भेटते, आठवड्याची खर्ची हाती पडते आणि पहिल्याच बाजाराला सारे वाहून जाते. शहरासाठी घडलेली व्यवस्था जशीच्या तशी येथे चालणार नाही. बैठकीलाच मजुराबरोबर स्थलांतर करावे लागेल.

यासाठी दोन उदाहरणे पाहावीत. तामिळनाडूत चेन्नईच्या टी. टी. रंगनाथन संशोधन संस्थेने १९८९ पासून मंजक्कुडी या खेड्यात व्यसनोपचार शिबिरे भरविली. रुग्णाने शहरात जायचे नाही. गावाने जागा आणि साहाय्य द्यायचे, उपचारकांनी गावात यायचे. गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ उपक्रमाने गावसंघटना आणि तालुक्याच्या ठिकाणी व्यसनोपचार क्लिनिक यांची सांगड घातली. दुकानावरचा मोर्चा आणि माणसाचा उपचार ही दोन कामे एकाच चळवळीत मावतात, हे त्यावरून कळते.

बीडसाठी आराखडा असा होऊ शकेल. हंगाम संपून मजूर परतले की वैशाख-ज्येष्ठात तालुक्याच्या गावी उपचार शिबिर. त्यानंतर दसऱ्यापर्यंत आठवडी बाजाराच्या दिवशी, बाजाराच्याच गावी बैठक. बाजाराला माणूस येतोच, वेगळे एस. टी. भाडे पडत नाही, आणि बाजाराला गेला म्हणजे कोठे गेला असे कोणी विचारत नाही. हंगामाला निघताना एका टोळीतील दोन तरी माणसे दारू सोडलेली असावीत, म्हणजे फडावर कोपीसमोर दोघांचीही बैठक होते. अ‍ॅक्रनला पहिली बैठक दोघांचीच होती. हाती दूरध्वनी आहेच. गावाकडच्या गटाने ठरल्या वेळी त्यांच्याशी बोलावे.

यातील काही मागण्या मात्र राजकीय आहेत आणि त्या पक्षानेच लढविल्या पाहिजेत. उचल आणि खर्ची पती-पत्नी दोघांच्या नावे, दोघांच्या सहीने मिळावी. प्रत्येक साखर कारखान्याने तळावर एक खोली आणि आठवड्यातून एकदा आरोग्य पथक द्यावे. मद्याच्या महसुलातील ठरावीक हिस्सा तालुका रुग्णालयांतील व्यसनोपचारासाठी कायद्याने राखून ठेवावा. मळीवर कमावणाऱ्या कारखान्याने आणि करावर कमावणाऱ्या शासनाने या खर्चाची जबाबदारी घ्यावी, यात उपकाराचा भाग नाही.

कार्यकर्त्याचे पथ्य

शेवटी एक पथ्य. ए. ए. कोणत्याही बाह्य वादात, पक्षात वा पंथात मत देत नाही. हा नियम पक्षकार्यकर्त्याला जड जाईल, पण तो पाळावाच. बैठकीच्या खोलीवर पक्षाचा फलक नको, पुढाऱ्याच्या हस्ते उद्‌घाटन नको, दारू सोडलेल्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार नको, आणि छायाचित्र तर मुळीच नको. ज्याचा सत्कार झाला तो पुन्हा घसरला तर तोंड दाखवायला येत नाही. एका पक्षाची खोली झाली की दुसऱ्या पक्षाचा, दुसऱ्या जातीचा व्यसनी उंबऱ्याबाहेरच राहतो. कार्यकर्त्याने खोली मिळवून द्यावी, सतरंजी अंथरावी, किल्ली त्या लोकांच्या हाती द्यावी आणि निघून जावे. मतांच्या हिशेबात हे काम कोठेही दिसणार नाही.

प्रत्येक तालुका शाखेने येत्या महिनाभरात एवढेच करावे: जवळची बैठक कोठे, कोणत्या वारी भरते ते शोधून कागदावर लिहावे, तालुक्यात ती नसेल तर बाजारच्या दिवसासाठी एक खोली पाहून ठेवावी, आणि दारू सोडलेली दोन माणसे शोधावीत. ती प्रत्येक तालुक्यात असतात. त्यांना आजवर कोणी कशासाठी बोलावलेले नसते, एवढेच.